तुमाले म्हून सांगतो

दर्यापूरच्या स्टँडासमोर, रसवंतीला लागून,
दुकान इतकं उजेडाचं की भर दुपारीही
आत शिरताना डोळे बारीक होतात.
चपला बाहेर काढू की नको, इथूनच माझं अडलं.
"या मावशी," म्हणाला पोरगा. "चपलेसकट या."

अंगात पिवळा टी-शर्ट, छातीवर कंपनीचं नाव,
गळ्यात दोरी, दोरीला त्याचा फोटो: प्रज्योत.
छातीवर जे नाव, तेच तोंडात.
दुसऱ्या कुठल्या डब्याकडे मी बोट केलं
की त्याचा चेहरा आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा व्हायचा.
"तो गरम होते जी."
"त्याची बॅटरी फुगते."
"त्याचं सर्व्हिस सेंटर अकोल्याले हाय, कोन जाईन?"

मला काय हवं होतं?
फिरोजाबादचा माल आता फोटोत येतो,
तो नीट दिसावा. हिरव्यातला हिरवा कळावा:
पोपटी, मेंदी, शेवाळी, लग्नाचा.
आणि बाजारात कोणी स्कॅनरवर वीस रुपये टाकले
तर टाकले की नाही, एवढं फोननं खरं सांगावं.

"मंग हाच घ्या. एकशे आठ मेगापिक्सेल.
मी सोता हाच वापरतो."

सोता.
त्याच्या मागच्या खिशातून
दुसऱ्याच कंपनीचा फोन डोकावत होता,
काच कोपऱ्यात तडकलेली, वर चिकटपट्टी.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं नाही.

पण मी तरी काय बोलणार होते?
एकतीस वर्षं येवद्याच्या, वडनेरच्या बाजारात
चादर अंथरून बसते मी.
"माह्या सुनेनं हेच भरले" म्हणत
किती डझन खपवले असतील.
मला सून नाही. लेकच नाही, तर सून कुठली.
कोणी विचारलंही नाही कधी.
बायकांना सुनेचं नाव नको असतं,
कोणीतरी आधी घालून पाहिलंय, एवढं हवं असतं.

मालक फोनवर बोलत बाहेर गेला.
पोरगा काउंटरवर वाकला, आवाज खाली आला:
"मावशी, तुमाले म्हून सांगतो.
हा नका घेऊ. खालच्या कप्प्यातला घ्या, मागच्या सालचा.
तीन हजारानं कमी, अन् तुमच्या कामाले बस्स हाय.
त्याच्यावर मले काई भेटत नाई."

आता आली पंचाईत.
मोठ्यानं बोलणं हा नवख्याचा धंदा.
आवाज खाली करणं, इकडेतिकडे पाहणं,
महागाचं बाजूला सारून मधलं पुढे करणं,
हे मी माझ्या सासूकडून शिकले,
ती तिच्या सासूकडून.
"तुले म्हून सांगतो, बाई" याच्यावर
आमचं घर उभं आहे, स्लॅबसकट.
तर हा पोरगा खरं बोलत होता,
की माझ्याइतकाच तयार होता?

मी तोंडाकडे पाहणं सोडलं.

त्यानं खालचा डबा फोडला, काचेवर काच बसवायला घेतली.
आधी फुंकर. मग मऊ फडकं.
मग मधोमध अंगठा, आणि बुडबुडा
कडेकडे नेत नेत बाहेर.
ओढाताण नाही.
आमच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही,
तिथे कोवळ्या पोरीच्या हातात काच चढवताना
मी जसा श्वास धरते, तसा त्यानं धरला होता.

पैसे मोजून दिले. उरलेले दोनदा मोजून घेतले.
ते मोजणं मी काही सोडलेलं नाही.

आज सव्वा महिना झाला. फोन गरम होतो,
पण मी तो चुलीशेजारी ठेवते, हेही खरं.
मेंदी आणि शेवाळी यांत अजून गल्लत होते,
ती फोनची की फिरोजाबादची, कळत नाही.

कॅमेरा दाखवताना त्यानं
स्वतःच्याच मनगटाचा फोटो काढला होता,
पुसायचा राहिला.
लाल दोरा, नखाशी सुकलेला गोंद.
माप दोन-सहा.
एवढं मात्र मी कोणालाही
मोठ्या आवाजात सांगेन.